प्रेसचे मागचे दार

शेठनी हिरवे बटण दाबले. प्रेस हलली नाही. त्यांनी पुन्हा दाबले. गुरुजी मंत्र म्हणता म्हणता थांबले. हंगामाचा मुहूर्त होता. समोर व्यापारी, मापाडी आणि गावातील मंडळी उभी होती. कुंभार पिंपळगावच्या रस्त्यावरील त्या जिनिंगमध्ये मी मेंटेनन्स पाहत असे. मी पॅनलकडे वळलो. त्या क्षणी प्रेसच्या पोटात एक माणूस बसलेला होता. आमच्यापैकी कोणालाही ते ठाऊक नव्हते.

जिनिंगमध्ये कापसातून सरकी वेगळी काढतात. उरलेली रुई एका उंच लोखंडी पेटीत भरतात. वरून जाड थाळी तेलाच्या दाबाने खाली येते आणि रुईची गाठ बनते. हीच प्रेस. मधे लाकडाचा ओंडका आला तरी ती थाळी थांबत नाही. आमच्याकडे हंगामाच्या पहिल्या दिवशी पेटी रिकामी ठेवून थाळी एकदा तळापर्यंत आणण्याचा रिवाज होता. रुई त्यानंतर.

पेटीला दोन दारे होती, एक पुढे आणि एक मागे. प्रत्येक दारावर एक लहान स्विच. दार घट्ट बसले की स्विच जोडला जातो. हे दोन स्विच आणि थांबवण्याचे लाल बटण एकाच तारेत, एकामागे एक ओवलेले होते. शाळेच्या पुस्तकात याला एकसर जोडणी म्हणतात. एक सेल, दोन बल्ब, विजेला जाण्याची एकच वाट. एक बल्ब काढला की दुसराही विझतो. घरात अशी जोडणी कोणी करत नाही. स्वयंपाकघरातील दिवा गेला म्हणून देवघरात अंधार झालेला कोणाला चालेल? पण सर्वांनी होकार दिल्याशिवाय जे काम सुरू होता कामा नये, तिथे हीच जोडणी हवी. एकाचा नकार पुरेसा असतो.

"काय झालं साहेब?" शेठनी हळू आवाजात विचारले.

"पाहतो."

"पाहत बसू नका. वेळ निघून चाललीय. गजानन, डायरेक्ट कर."

गजानन आमचा इलेक्ट्रिशियन. डायरेक्ट करणे म्हणजे तारेचा एक तुकडा लावून मधले सगळे स्विच वगळणे. मग दारे उघडी असोत की बंद, मशीन चालते. गजाननने तुकड्याची टोके सोलूनही ठेवली होती.

"लावू का साहेब? जल्दी व्हईन."

"टेस्ट लॅम्प दे."

शेठना ते रुचले नाही. "हे स्विच तुम्हीच बसवायला लावले. जुनी प्रेस बराबर चालत होती, बिनास्विचची."

"युसूफभाईला हाक मारा," एक व्यापारी म्हणाला. "त्यानं नुसता हात लावला तरी चालती ती."

"चहाला गेला असन," दुसरा म्हणाला. दोघे हसले.

युसूफभाई आमचे प्रेसमन, म्हणजे प्रेस चालवणारे. वयाने शेठहून मोठे.

टेस्ट लॅम्प म्हणजे दोन तारा जोडलेला साधा बल्ब. एक तार न्यूट्रलला धरायची आणि दुसरी प्रत्येक स्विचच्या पुढे टेकवत जायचे. बल्ब लागला तर वीज तिथवर पोहोचली. लाल बटणाच्या पुढे बल्ब लागला. पुढच्या दाराच्या स्विचनंतर लागला. मागच्या दाराच्या स्विचनंतर लागला नाही.

"सापडलं ना?" शेठ म्हणाले. "मंग तेवढा एक डायरेक्ट करा."

"स्विच खराब आहे की दार उघडे आहे, हे बल्ब सांगत नाही."

"दार कोण उघडीन? सकाळी मी सोता पाह्यलं. बंद होतं."

"मी पाहून येतो."

"साहेब, तुमाला मशीन चालवाया ठेवलंय. बंद ठेवाया न्हाई."

"बंद ठेवायलाही ठेवले आहे."

मी गजाननच्या हातातील तार घेतली, खिशात घातली आणि प्रेसला वळसा घातला.

मागचे दार हातभर उघडे होते. आत युसूफभाई उकिडवे बसले होते. डाव्या हातात नारळाचा तुकडा. उजव्या हाताने, खांद्यावरच्या रुमालाने, ते पेटीचा तळ पुसत होते. थाळी त्यांच्या डोक्यावर होती. मागच्या भिंतीपलीकडच्या हॉलमध्ये सरकी काढणाऱ्या जिन चाचणीसाठी रिकाम्या चालू होत्या. बाहेरचे बोलणे त्यांच्यापर्यंत पोहोचणे शक्य नव्हते.

मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "बाहेर या."

"आलो साहेब. बस, एवढा कोपरा राह्यला."

"आत्ता."

ते बाहेर आले. नारळाचा पहिला तुकडा पेटीच्या तळाशी ठेवणे, हे दर वर्षी त्यांचे काम. एरवी ते आधीच उरकत असे. त्या दिवशी गुरुजी उशिरा आले, म्हणून नारळ उशिरा फुटला. तोपर्यंत पुढच्या दाराला हार घालून झाला होता.

"पुढचं दार उघडलं असतं तर हार तुटला असता," ते म्हणाले. "मुहूर्ताचा हार कसा तोडायचा? म्हनून मागनं गेल्तो. आत बिलकुल घाण होती, ती पुसून राह्यलो होतो."

शेठ माझ्या मागोमाग आले होते. गजाननही. शेठनी युसूफभाईंकडे पाहिले, मग वर थाळीकडे.

"मुहूर्त झाला का शेठ?" युसूफभाईंनी विचारले.



"न्हाई, युसूफभाई. तुमच्याबिगर कसा व्हईन?"

गुरुजींनी दुपारची वेळ काढून दिली. युसूफभाईंनी तुकडा तळाशी ठेवला, मागचे दार स्वतः लावले आणि पुढे येऊन सर्वांसमोर उभे राहिले. शेठनी बटण दाबले. थाळी खाली आली.

त्या दिवशी मी काहीही दुरुस्त केले नाही. स्विच चांगला होता. मशीन बंद पडली की आपण बिघाड शोधतो. ती योग्य कारणाने थांबली असेल, हे मनात येत नाही. म्हणून तार लावण्यापूर्वी उठून दारापर्यंत जावे.

त्या वर्षापासून तिथे मुहूर्ताचा हार दाराला घालत नाहीत. खांबाला बांधतात.