कापसातून आलेला आवाज

घरात कापूस भरला की त्याच्या उबट वासानं मला ती दुपार आठवते. बीटी कापसाचं पीक साधलं म्हणून दिरांनी खामगावहून होम थिएटर आणलं होतं, पण त्याचा एक स्पीकर कापसाच्या ढिगाखाली गेला होता. नणंदेच्या लग्नाची सीडी लावली आणि वर्षापूर्वी वारलेले मामाजी, म्हणजे माझे सासरे, ढिगातून बोलले, “सूनबाई, पानी आनजो.” मी पदर सावरून उठलेच. सासूबाई ढिगाला बिलगल्या. “कापूस इकू नका, थे याच्यात हायेत.” “माय, आवाज वायरीतून येते,” म्हणत दिरांनी होम थिएटरमागची, उजेडातून आवाज नेणारी डिजिटल वायर उपसली. तिच्या टोकाशी निखाऱ्यासारखा लाल उजेड दिसला आणि ढीग गप्प झाला. दुसऱ्या दिवशी कापूस विकला. सासूबाईंनी त्यातला ओंजळभर ठेवून वाती वळल्या. आता सासूबाईही नाहीत. वाती माझ्याजवळ आहेत, पण पेटवायला हात धजत नाही.