पहिल्या पानावरची पुस्तकं

क्रांती चौकाजवळ माझं टायपिंगचं दुकान आहे. मॅडम दर सोमवारी कॉलेज सुटल्यावर तिथं यायच्या. त्या भूगर्भशास्त्र शिकवायच्या आणि जमिनीखालच्या पाण्यावर साध्या मराठीत पुस्तकं लिहायच्या. मी टाइप करत असताना त्या शेजारच्या स्टुलावर बसून कागद सोडून माझ्या चेहऱ्याकडे बघायच्या. कपाळाला आठी पडली की लगेच विचारायच्या, "कुठं अडलं, भाऊ?"

"नाय, कळलं."

"मग सांगा बरं मला."

मला सांगता आलं नाही, तर तो आख्खा परिच्छेद खोडून तिथंच नवा लिहायच्या. मला त्यांचा थोडा धाकच वाटायचा.

एकदा त्यांनी बढतीचा अर्ज टाइप करायला आणला. तेवढ्यात विभागप्रमुखांचा फोन आला. फोन ठेवून मॅडम म्हणाल्या, "सर म्हणतात, पुस्तकं अर्जातून काढा. समितीला वाटंल, बाई संशोधन सोडून गोष्टी लिहिते."

"मग काढू?"

"नाय. शोधनिबंधांच्या आधी घ्या, पहिल्या पानावर."

"मॅडम, बढती अडंल."

"अडू द्या. माझे निबंध चार जणांनी वाचले असतील. सिल्लोडकडं एका गावानं पुस्तक वाचून ओढ्याला बांध घातला. ते मी लपवू व्हय?"

त्यांनी सांगितलं तसं मी टाइप केलं. बढती खरंच अडली. ते कळलं त्या सोमवारीही मॅडम वेळेवर आल्या. डोळे जरा सुजलेले होते. नव्या पुस्तकाचं पहिलं प्रकरण माझ्यासमोर ठेवून म्हणाल्या, "पुढल्या अर्जात हे एक वाढंल. करा सुरू."