बापूंचा स्क्रूड्रायव्हर

जुन्या मोटारसायकली दुरुस्त करणाऱ्या बापू मिस्त्रींच्या भिंतीवर पाने ओळीने टांगलेले असतात, पण त्यांचा जीव लाकडी मुठीच्या एका लांब स्क्रूड्रायव्हरवर. त्याचं टोक चालू इंजिनला टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. आतलं दुखणं त्यांना असं ऐकू येतं.

काल त्यांनी माझ्या वडिलांची जुनी गाडी तशीच तपासली. "ठणठणीत आहे. खुशाल घाटात न्या," ते म्हणाले.

"बापू, मी ऐकून बघू?"

त्यांनी हसत स्क्रूड्रायव्हर दिला. मी मूठ कानाला लावली आणि आतून ठक् ठक् आवाज आला, बंद दाराआडून कुणी वाजवावं तसा. मला त्यातलं काही कळत नाही, म्हणून विचारलं, "हा ठोका असाच असतो का?"

"कसला ठोका?"

त्यांनी पुन्हा कान लावला. मग दुसरा लावला. आपण किती निर्धास्तपणे आपला जीव दुसऱ्याच्या कानावर सोपवतो, हे मला तेव्हा जाणवलं. शेवटी त्यांनी तळहात इंजिनवर टेकवला. ठोका हाताला लागला तसा त्यांचा चेहरा उतरला. इंजिन बंद करून ते स्टुलावर बसले.

"गाडी इथंच राहू द्या," ते म्हणाले. मग माझ्याकडे न बघता, "या आठवड्यात तीन गाड्या सोडल्यात मी. कान लावूनच."

त्यांनी त्यातल्या एका गाडीवाल्याचा नंबर लावला आणि फोन माझ्या हातात दिला. "तुम्हीच बोला."

रिंग वाजत राहिली. कुणी उचलत नव्हतं.