फोमची तलवार आणि खंडेनवमी

आमच्या घरात प्रत्येक गोष्टीला स्वतःचं नाव आहे. शेळीच्या करडाला वेगळं, मेंढीच्या कोकराला वेगळं. पण जपानमध्ये कुणी वर्षानुवर्षं खपून एखादी मालिका काढली, तिच्यात युद्धं घातली, विश्वासघात घातले, बघणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आणलं, तरी तिला आमच्याकडं नाव एकच. कार्टून. व्हिडिओ गेम पण कार्टून. कॉमिक्स म्हणजे कार्टूनची पुस्तकं. आणि ह्या सगळ्यात जीव अडकलेली मी, म्हणजे वय वाढलं तरी कार्टून बघणारी मुलगी. भिंतीला भिंत लागून राहणारी माझी चुलती मला दर खेपेला दारातच गाठते आणि विचारते, "आजून कार्टून बघतीयास व्हय गं?" जसं काही मला एखादा जुना त्वचारोग आहे आणि औषध लागू पडलं का ते ती विचारतेय.

मी साताऱ्यात एका दवाखान्यात एक्स-रे काढते. दिवसभर लोकांना श्वास रोखून धरायला सांगते आणि त्यांची हाडं बघते. चुलतीचं म्हणणं, एकदा स्वतःच्या डोक्याचा पण काढ. मागं एकदा मला बघायला पाहुणे आले होते. मुलाच्या आईनं माझ्या फळीवरच्या, मालिकांतल्या पात्रांच्या मूर्ती बघितल्या, अगदी बारकाईनं केलेल्या, हातात शस्त्र, केस वाऱ्यावर. आणि आमच्या आईला हळूच विचारलं, "ह्या भावल्या कशाच्या म्हणायच्या? कुणी काय केलंय का हिच्यावर?" आईनं देवाशपथ सांगितलं की करणी वगैरे काही नाही, पोरगीच तशी आहे. ते स्थळ परत आलं नाही. त्या मूर्तींचे माझ्यावर फार उपकार आहेत.

बरं, जपानी भाषेचं म्हणाल तर आमचा तालुका त्यात जपानपेक्षा पुढं आहे. जपानीत 'हाय' म्हणजे 'हो'. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी उशीत तोंड खुपसून हसले होते. आमच्याकडं आई दारातून चुलतीला विचारते, "घरात हाईस का?" आतून उत्तर, "हाय." "ताक हाय का?" "हाय." "मग दे की." एखादा जपानी माणूस वडूजच्या बाजारात आणून उभा केला तर त्याला वाटेल, काय ही नम्र माणसं, कशालाच नाही म्हणत नाहीत! बिचाऱ्यानं आमच्या चुलतीला दोन दिवस सांभाळून बघावं.

तर अशा मला यंदा पुण्यातल्या एका मेळाव्यात रंगमंचावर जायचं होतं. आमच्यासारख्या लोकांचा मेळावा. तिथं आपल्या आवडत्या पात्राचा हुबेहूब पोशाख स्वतः करायचा, हत्यारं स्वतः करायची आणि सगळ्यांसमोर उभं राहायचं. परीक्षक शिवण बघतात, रंगकाम बघतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे त्या दालनात 'आजून कार्टून बघतीयास व्हय' म्हणणारं एकही माणूस नसतं. मला बक्षीस हवं होतं हे खरंच आहे, कशाला लपवू? पण त्याहून जास्त, आयुष्यात एकदा तरी मला ओशाळं न होता हे सगळं अंगावर घालून उभं राहायचं होतं. मी एका डोळ्यावर पट्टी बांधलेली सेनापती होणार होते. सेनापती म्हणजे तलवार आली.

ती तलवार मी चपलेच्या फोमची केली. चपला शिवणाऱ्यांना माल विकणारं एक दुकान आहे साताऱ्यात, तिथून तळव्यांसाठी लागतो तो जाड फोम आणला. कापला, थर चिकटवले, घासला, वर पोलादासारखा रंग दिला, पात्यावर लढाईतले ओरखडे काढले. म्यानसुद्धा केलं. कितीतरी रविवार त्यात गेले. साताऱ्यातल्या माझ्या खोलीत माणूस आडवा झाला की तलवारीला जागा उरत नाही, म्हणून ते सगळं काम मी गावी करायची आणि तलवार आमच्या कपाटावर ठेवायची. म्यान आणि पोशाख तेवढा साताऱ्याला नेला होता, शिवण बाकी होती म्हणून. आई येताजाता म्हणायची, "कवा संपायचं तुजं हे खेळणं?" चुलती म्हणायची, "एवढी मोठी घोडी झाली, खेळणी करत बसलीया." आप्पा काहीच म्हणायचे नाहीत. आप्पा म्हणजे माझे वडील. फौजेतून सुभेदार होऊन आले आणि बोलणं बहुतेक पलटणीतच जमा करून आले.

आता मेळाव्याच्या आयोजकांची हुशारी बघा. मेळावा ठेवला ऐन दसऱ्याला. दसरा म्हणजे सुट्टी, एवढंच त्यांना माहीत असणार. मी मनात हिशेब केला, खंडेनवमीला दुपारी ड्युटी संपवून पोशाख आणि म्यान घेऊन गावी जायचं, पुरणपोळी खायची, तलवार उचलायची आणि दसऱ्याला पहाटेच्या एसटीनं पुणं गाठायचं. एवढा सरळ हिशेब आमच्या घरात कधी सुटलाय?

खंडेनवमीला आमच्याकडं हत्यारं बसवतात. घरातल्या प्रत्येकानं आपापलं हत्यार काढायचं, धुवायचं, पुढच्या सोप्यात पाट मांडून त्यावर ओळीनं ठेवायचं. हळदकुंकू, झेंडूची फुलं, नैवेद्य. आप्पांची कुऱ्हाड, कोयता, ट्रॅक्टरचे पाने. आईचा विळा आणि विळी. एकदा हत्यारं बसली की बसली. मग दसऱ्याला शिलंगणाला निघायच्या आधी ती उठवायची, तोवर हात लावायचा नाही. विळीसुद्धा पाटावर असते, म्हणून त्या दिवशी आई भाजी हातानं मोडते पण चिरत नाही. दरवर्षी आप्पा मला विचारायचे, "तुजं काय बसवायचं?" शाळेत होते तेव्हा मी कंपासपेटी द्यायची. नोकरी लागल्यावर काय देणार? एक्स-रेचं मशीन उचलून आणू? मी हसून म्हणायची, माझं काय नाही आप्पा. ते मान हलवायचे आणि पूजेला बसायचे.

त्या दुपारी मी घरात पाऊल टाकलं आणि सोप्यातच थिजले. पाटावर कुऱ्हाड, कोयता, विळा, पाने. आणि बरोबर मध्ये, सगळ्यांत उंच, माझी तलवार. पात्यावर हळदकुंकवाची बोटं ओढलेली. मुठीवर झेंडूचं फूल. आणि मुठीला, जिथं मी चार छटा मिसळून जुन्या चामड्याचा रंग आणला होता, तिथं करकचून बांधलेला लालभडक नाडा.

माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली म्हणून सांगू! "हे कुणी केलं?" मी ओरडलेच. "आई, ही इथं कुणी ठेवली?"

आई स्वयंपाकघरातून पोळीचं पीठ लागलेल्या हातानं बाहेर आली. "तुज्या आप्पांनी. मी म्हणलं त्यास्नी, आवं ती चपलेच्या फोमची हाय, देवापुढं नगा ठेवू. ऐकत्यात व्हय?"

"मला उद्या पहाटे न्यायचीय ती!"

"अगं बया!" आईनं पिठाचाच हात गालाला लावला. "बसलेलं हत्यार कसं न्यायचं? शिलंगणापतोर हलवायचं न्हाई."

"ते हत्यार नाही!"

तेवढ्यात आरडाओरडा ऐकून चुलती आली. यायचीच. आणि पाटाकडं बघून ह्या बाईनं, जिनं वर्षभर माझ्या तलवारीला खेळणं म्हणून हिणवलं, काय म्हणावं? "असं म्हणू ने बाई. हळद लागली की हत्यारच ते. कोप हुतो." म्हणजे बघा, मी फोम कापत होते तेव्हा ते खेळणं. रंगवत होते तेव्हा खेळणं. आणि ज्या एका दिवशी ते खेळणं असायची मला गरज पडली, त्याच दिवशी अख्ख्या आळीला साक्षात्कार झाला की हे शस्त्र आहे. धन्य आहे! मी कपाळाला हात लावला.

आप्पा परड्यातून आले, पाय धुतले आणि पाटाशेजारी येऊन उभे राहिले. मी रडकुंडीला आले होते आणि ते लपवायला आवाज चढवत होते. "आप्पा, तुमी मला न विचारता का ठेवली? उद्या स्पर्धा हाय माझी. तलवारीशिवाय मी तिथं काय करू?" राग आला की मी पण गावाकडचंच बोलते.

आप्पा म्हणाले, "मूठ हलत व्हती. मोडकं हत्यार बसवत न्हाईत, म्हणून नाडा आवळला."

"आप्पा, ती लढायची तलवार नाही!"

"बरं." त्यांनी शांतपणे माझ्याकडं बघितलं. चेष्टा नव्हती त्यात, मी नीट बघितलं. "खेळणं आसंल तर खेळणं हाय म्हण. खेळण्याला नेम न्हाई. आत्ता उचल अन् जा."

एवढंच तर म्हणायचं होतं. सगळं गाव म्हणत होतं तेच. पाटावरचा दिवा जळत होता. मी तोंड उघडलं. ते सगळे रविवार आठवले, घासून घासून बोटांची गेलेली सालं आठवली. फळीवरच्या 'भावल्या' आठवल्या. कार्टून, कार्टून, कार्टून. एक शब्द म्हणायचा, तलवार माझी, पुणं माझं. पण तो शब्द काही केल्या तोंडातून निघेना.

"हत्यार हाय," मी म्हणाले आणि पाय आपटत आत गेले. पुरणपोळी मात्र खाल्ली. राग वेगळा, पुरणपोळी वेगळी.

दसऱ्याला पहाटे मी पोशाख, डोळ्याची पट्टी आणि कमरेला लावायचं रिकामं म्यान घेऊन एसटीत बसले. वाटभर आप्पांना मनातल्या मनात काय काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. पुण्यात दालन खच्चून भरलं होतं. कुणाला शिंगं, कुणाला पंख, एकाच्या भाल्यातून निळा उजेड आणि धूर. आणि त्यात मी, सबंध सेनापती, कमरेला पोकळ म्यान. रंगमंचावर माझी पाळी आली. परीक्षक बाईंनी वरपासून खालपर्यंत बघितलं, शिवण बघितली, मान डोलावली आणि माइकवर विचारलं, "सगळं छान केलंय, पण तलवार नाहीये का?"

"हाय," मी म्हणाले. तोंडातून गावचंच निघालं, काय करणार. पुढं बसलेल्या पोरांनी मोठ्या भक्तिभावानं माना लववल्या, त्यांना वाटलं मी जपानी बोलतेय.

"मग कुठंय?"

"घरी. खंडेनवमीला बसवलीय. वडलांनी."

मग मागून कुणीतरी खणखणीत शिट्टी मारली आणि दालन जे उठलं! हसत होते, पण ते हसणं चुलतीचं नव्हतं. टाळ्या थांबेनात. शिंगवाला उभा राहिला, पंखवाली उभी राहिली. परीक्षक बाई पदरानं डोळे टिपत होत्या, हसून का कशानं, देव जाणे. मी तिथं रिकामं म्यान धरून उभी होते आणि मला अजिबात ओशाळं वाटलं नाही.

बक्षीस अर्थातच धूर सोडणाऱ्या भाल्याला मिळालं. परीक्षकांचं म्हणणं, न आणलेल्या वस्तूला गुण देता येत नाहीत. बरोबरच आहे. धुराला मात्र देता येतात.

घरी पोचले तेव्हा दिवेलागण होऊन गेली होती. शिलंगण झालेलं, अंगणात आपट्याची पानं पडलेली. सोप्यात आले तर पाट रिकामा. कुऱ्हाड कोपऱ्यात गेली होती, विळी आईच्या हाताखाली गेली होती. फक्त माझी तलवार तिथंच होती, सुकल्या झेंडूसकट, एकटी. आप्पा शेजारी खुर्ची टाकून बसले होते.

"ही नाही का उठवली?" मी विचारलं.

"ज्याचं त्यानं उठवायचं आसतं," आप्पा म्हणाले. मग माझ्या हातावर सोनं ठेवलं. मी पाया पडले. थोडा राग शिल्लक होता, पण पडले.

"लय लोक व्हती तिथं?" त्यांनी विचारलं.

"व्हय आप्पा."

"समद्यांनी आपापली हत्यारं केल्याली?"

"व्हय. एकेकानं तर अशी केली होती की बघत राहावं."

"हातानं?"

"हातानंच."

आप्पांनी जरा विचार केला. "मग त्यांची कुणी पुजली का न्हाई?"

मी शिंगवाल्याचा विचार केला, पंखवालीचा केला. त्या सगळ्यांच्या घरी काय म्हणत असतील ते मला पाठ होतं.

"न्हाई आप्पा. त्यांची कुणी नाही पुजली."

"अरारा," आप्पा म्हणाले. अगदी मनापासून, एखाद्याच्या घरचं वाईट कळावं तसं. आणि मग म्हणाले, "उचल तुजी."

मी तलवार उचलली. मूठ हलत नव्हती. तो लाल नाडा मी अजून सोडलेला नाही.