तुंगाबाईंची जोगची शिदोरी

चामराजपेटेत आमच्या शेजारी तुंगाबाई राहायच्या. दशम्या करण्यात त्यांचा हात धरणारं पेटेत कुणी नव्हतं, आणि जोगचा धबधबा एकदा बघायचा एवढी एकच हौस त्यांनी बाळगली होती. त्या दशम्यांनी ह्या हौशीला चार वर्षं कशी अडवून धरली, ते सांगतो.

तुंगाबाईंच्या घरी प्रवासात बाहेरचा घास घेत नसत. पीठ पाण्यात भिजवलं तर ती पोळी, ती घरातच खायची. दुधात भिजवलं तर दशमी, ती कुठंही चालते. पण जोगला जाऊन यायचं म्हणजे चार दिवस, आणि इतकी टिकणारी शिदोरी त्यांनी कधी केली नव्हती. सत्तावन्न साली त्या यजमानांना म्हणाल्या, "अहो, आधी घरीच खाऊन बघू. वाटेत आंबलं तर काय करायचं?"

यजमान श्रीधरराव कचेरीत कारकून, सचोटीचा माणूस. प्रवास म्हटल्यावर त्यांनी रीतसर चार दिवसांची रजा काढली.

सकाळी तुंगाबाईंनी स्वयंपाकघराला कुलूप घातलं, किल्ली आमच्याकडे दिली आणि दोघं पडवीत वळकटीवर जाऊन बसली. भोवती दशम्यांचा डबा, चटणीपुडीचा डबा, चिंचेच्या भाताचा डबा. मी विचारलं, "अक्का, हे काय?"

"तुमकूर आलं," त्या म्हणाल्या. "बसा स्वल्प. डब्याला मात्र धक्का लावू नका."

"धक्का मी लावणार आहे," श्रीधरराव म्हणाले. "अरसीकेरेच्या पुढं रस्ता खराब आहे." आणि दुपारी घड्याळ बघून ते खरोखरच डबे मांडीवर घेऊन तासभर हलत बसले. माझी बायको शालन चहा घेऊन गेली, तर तुंगाबाईंनी हात जोडले. "नको गं. प्रवासात आहोत."

दुसऱ्या दिवशी, जोगच्या अलीकडं सागरच्या आसपास भात आंबला. तरी परतीचा प्रवास त्यांनी पडवीतच पुरा केला, कारण दशम्यांचं काय होतं ते बघायचं राहिलं होतं. चौथ्या दिवशी संध्याकाळी किल्ली मागायला आल्या तेव्हा बाई खरंच दमलेल्या दिसत होत्या. शालननं त्यांच्या पायांवर पाणी घातलं.

कचेरीत साहेबांनी विचारलं, "काय श्रीधरराव, जोग कसा वाटला?"

"सागरपर्यंतच झालाय, साहेब," हे म्हणाले. वर्षाची रजा संपली होती.

अठ्ठावन्नला दशम्यांना बुरशी आली. एकोणसाठला दशम्या इतक्या टिकल्या की श्रीधररावांची दाढ हलली. साठ साली सगळं जमलं, चौथ्या दिवशीची दशमीसुद्धा कापसासारखी मऊ, पण रजा त्यातच गेलेली. तोवर तिरुपतीला, धर्मस्थळाला निघालेली अर्धी पेटे शिदोरीचं विचारायला त्यांच्याकडे यायची. ती माणसं जाऊन यायची, तुंगाबाई पडवीतच. एकदा मला म्हणाल्या, "बसवंतअण्णा, भात आंबवता आंबवता पन्नाशी आली माझी. मला काही जोग दिसत नाही."

एकसष्टला आम्ही शेजाऱ्यांनी देवाप्पाची व्हॅन ठरवली. मी सांगून टाकलं, यंदा तालीम नाही. श्रीधरराव गांगरले. तुंगाबाई म्हणाल्या, "तालमीशिवाय मी येणार नाही."

"मग ही तालीमच समजा, अक्का. पडवीऐवजी गाडीत करायची एवढंच."

त्यांनी क्षणभर विचार केला. "सरी. मग चालेल."

अरसीकेरे सुटल्यावर श्रीधरराव मांडीवरच्या डब्यांकडे बघून म्हणाले, "देवाप्पा, हे फार कमी हलतंय. मी जास्त हलवायचो."

दुसऱ्या दिवशी जोगला पोचलो, तर समोर नुसतं पांढरं धुकं. आवाज येत होता, दिसत काहीच नव्हतं. तुंगाबाई दोन तास कठड्याला धरून उभ्या राहिल्या. शेवटी लोकांची पोटं बोलायला लागली. त्या वळल्या, म्हणाल्या, "बसा, वाढते." वारा तोंडावर नको म्हणून आम्ही सगळे दरीकडं पाठ करून बसलो.

जेवण असं की मान वर होईना. भात घ्यायला मी पान पुढं केलं, पण तुंगाबाईंचा हात मध्येच थांबला. त्या माझ्या डोक्यावरून पलीकडं बघत होत्या.

"अक्का, भात," मी म्हणालो. दशमीचा घास संपवून मी मागं वळलो. पांढरं धुकं.

"दिसला?"

"दिसला. चारी धारा, पार खालपर्यंत."

श्रीधरराव भरल्या तोंडानं वळले. "अगं, मग हाक मारायची नाही का?"

"जेवत होता ना सगळे. जेवणाऱ्याला घासावरून उठवायची रीत नाही आपल्यात."

त्यानंतर आम्ही ऊन कलेपर्यंत बसलो. धुकं हललं नाही. निघताना श्रीधरराव खालच्या आवाजात म्हणाले, "पुढच्या वर्षी परत येऊ या."

"मी कशाला येऊ? माझं बघून झालं," तुंगाबाई म्हणाल्या. "तुम्ही या जाऊन. डबा देते."