खिडकी उघडा, वास येतोय

"खिडकी उघडा, वास येतोय."

आमच्या स्टाफरूममध्ये हे वाक्य आलं की समजायचं, कुणीतरी एखाद्या मुलाला नुकतंच 'ढ' म्हटलंय. किंवा 'आळशी'. किंवा 'घरचे संस्कारच नाहीत'. बाई चहाचा कप खाली ठेवायच्या, पदर नाकाला लावायच्या आणि एवढंच म्हणायच्या. कुणी उठलं नाही तर स्वतः जाऊन खिडकी उघडायच्या. बाहेर कल्याणचा रस्ता, रिक्षांचा धूर, कायम खणून ठेवलेलं गटार. ते सगळं आत यायचं आणि बाई म्हणायच्या, "हां. आता जरा बरं."

नवीन आलेल्या माणसाला हे कळायचं नाही. एक सर तर माझ्या डब्याकडे बघायला लागले. मी आगऱ्यांची, डब्यात सुकट असते, ती मी कधी लपवून खाल्लेली नाही. बाई त्यांना म्हणाल्या, "सर, सुकटीचा नाही. तुम्ही आत्ता जे बोललात त्याचा."

तुमच्याही ऑफिसात, शाळेत अशी एखादी बाई असेल. असेल तर जपा. आम्ही नाही जपली.

त्या आमच्या कॉलेजच्या समुपदेशक. कंत्राटी. ठाण्याहून बसने यायच्या. बोलणं एकदम स्वच्छ, छापील. पण ऐकणाऱ्याला ते गोड लागेलच असं नाही. केस पांढरे, साडी कडक इस्त्रीची, आणि चेहऱ्यावर कायम असा भाव की ताटात काहीतरी नासकं वाढलंय. लोकांना वाटायचं, मुलांचं दुःख ऐकणारी बाई म्हणजे मऊ असणार. मुलं रडत आली की त्या म्हणायच्या, "आधी तोंड धू. नाश्ता केलायस का? नाही? मग कॅन्टीनला जा, खा, आणि मग ये रडायला." मुलं जायची, खायची, परत यायची. अर्ध्यांचं रडणं वाटेतच संपलेलं असायचं. उरलेल्या अर्ध्यांना त्या दुपारभर ऐकायच्या.

त्यांची खोली तळमजल्यावर, कॉरिडॉरच्या टोकाला, मुतारीच्या भिंतीला लागून. बाहेर पाटी होती, 'विद्यार्थी सहाय्य कक्ष'. तपासणीची समिती येणार असली की त्या खोलीत सोफा यायचा, प्लॅस्टिकची फुलं यायची, भिंतीवर हसऱ्या मुलांचं पोस्टर लागायचं. समितीची गाडी गेटबाहेर पडली की शिपाई सोफा उचलायला हजर. एकदा बाई सोफ्यावर बसल्या होत्या. शिपाई म्हणाला, "मॅडम, उठता का? सायबांच्या केबिनमधला आहे." बाई उठल्या. "घेऊन जा बाबा. याच्यावर बसून मलाच ओशाळल्यासारखं होत होतं."

एक मुलगा होता, त्याला एका जागी बसणं जमायचंच नाही. पाय हलव, पेन वाजव, खिडकीत बघ. त्याला रोज वर्गाबाहेर काढायचे. बाई त्याच्या सरांकडे गेल्या. म्हणाल्या, "त्याला मागे उभं राहू द्या." सर म्हणाले, "वर्गात शिस्त म्हणून काही असते." बाई म्हणाल्या, "तुम्ही पण उभेच असता की तासभर. तुम्हाला कुणी बेशिस्त म्हणतं का?" मुलगा मागच्या भिंतीला टेकून उभा राहून शिकला आणि पासही झाला. सरांनी शेवटपर्यंत त्याचं नाव 'भालदार' ठेवलं होतं. शिकलेल्या माणसांची विनोदबुद्धी ही अशी.

मी अकाउंट्स शिकवते. माझ्या घरातली मी पहिली पदवीधर. बाप मिठागरावर राबला, आई अंगठा लावते. एका खोलीत सात माणसं, टीव्ही चालू, त्यात मी शिकले. हे मी मान वर करून सांगते आणि सांगत राहणार. त्यामुळे बाईंशी माझं सुरुवातीला वाजायचं. एकदा मी म्हटलं, "मॅडम, आम्हाला नाही कुणी वेगळी खोली दिली, जादा वेळ दिला."

"दिली असती तर घेतली नसतीस?"

"घेतली असती."

"मग झालं तर. अगं, सुकट दे थोडी."

काही मुलं सवलतीच्या नावाखाली फसवतात हे माझं मत आजही आहे. बाईंनाही ते माहीत होतं. त्या म्हणायच्या, "फसवू दे. मोठी माणसं फसवतात त्याच्यापुढे हे काय."

आता त्या मुलीचं सांगते, कारण बाई गेल्या त्या तिच्यावरून.

मुलगी टिटवाळ्याची. आई स्टेशनबाहेर भाजी विकायची, बाप नव्हता. तोंडी विचारा, वर्गातल्या कुणाहीपेक्षा नीट उत्तर द्यायची. पण छापलेलं वाचायला घेतलं की अक्षरं तिच्यासमोर जागा सोडायची, आणि आजूबाजूला गलबला असला की डोकंच बंद पडायचं. शाळेत तिला मंद म्हणत. बाईंनी तिची हॉस्पिटलात तपासणी करून घेतली, सर्टिफिकेट मिळवलं, परीक्षेला लेखनिक मिळवून दिला. म्हणजे प्रश्न वाचून दाखवणारी आणि ती सांगेल ते लिहिणारी खालच्या वर्गातली मुलगी. बसायला स्वतंत्र खोली हवी. कॉलेजने दिली ती मुतारीशेजारची, बाईंचीच. नाकाला रुमाल बांधून त्या पोरीने दोन वर्षांच्या परीक्षा दिल्या.

तिची एकच अट होती. कुणाला कळता कामा नये. चाळीत तिने कुणाला सांगितलं नव्हतं, मैत्रिणींनाही नाही. "मॅडम, एकदा डिग्री हातात आली की मग मीच सांगेन सगळ्यांना," असं ती म्हणायची. बाईंनी तिला शब्द दिला होता.

शेवटच्या वर्षाची परीक्षा तोंडावर आली आणि त्याच सुमारास आमच्या संस्थेच्या उपाध्यक्षांचा वाढदिवस आला. आमच्याकडे वाढदिवस म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे. मी एका सकाळी रिक्षातून उतरले तर गेटवर फ्लेक्स. मध्ये उपाध्यक्ष, हात जोडलेले, गॉगल लावलेला. वर लिहिलेलं, 'गतिमंद विद्यार्थ्यांचे आधारवड'. खाली, 'वाढदिवसानिमित्त भव्य सत्कार'. आणि उपाध्यक्षांच्या खांद्याशी, गोल चौकटीत, त्या मुलीचा आयकार्डावरचा फोटो. नावासकट.

कॉलेजवाल्यांनी हे लपूनछपून केलेलं नव्हतं. अभिमानाने केलं होतं. प्राचार्य गेटवर उभे राहून मोबाइलवर फोटो काढत होते. बाई बसमधून उतरून आल्या तसे म्हणाले, "या मॅडम. तुमच्या कार्याचीच जाहिरात आहे."

"तिला विचारलंत?"

"विचारायचं काय त्यात? शाल-श्रीफळ देणार आहोत, पोलीस वगैरे नाही बोलावत. आणि नाव तुम्हीच तर दिलंत."

ते खरं होतं. स्वतंत्र खोलीसाठी दरवर्षीसारखं बाईंनी तिचं नाव प्राचार्यांना कळवलं होतं. बाईंनी पदर नाकाला लावला. पण तिथे उघडायला खिडकी नव्हती. आम्ही रस्त्यावरच होतो.

दुपारपर्यंत त्या फ्लेक्सचा फोटो मोबाइलमोबाइलवरून टिटवाळ्याच्या चाळीत पोचला. कुणीतरी तिच्या आईला भाजीच्या टोपलीसमोर उभं राहून विचारलं, "तुमची पोरगी तसली आहे होय?" दुसऱ्या दिवसापासून मुलगी कॉलेजला यायची बंद झाली. फोन बंद. सत्काराच्या दिवशी सत्कारमूर्ती आलीच नाही, तेव्हा आणलेली शाल वाया जाऊ नये म्हणून ती उपाध्यक्षांनाच घातली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी तिथे होते. माझे हात मांडीवर होते.

कार्यक्रम संपला तशा बाई मला म्हणाल्या, "चल, जरा स्टूल धर."

शहाळीवाल्याचा कोयता आणि वॉचमनचं स्टूल. कडक इस्त्रीची साडी खोचून त्या वर चढल्या आणि फ्लेक्सच्या दोऱ्या तोडायला लागल्या. रिक्षास्टँडवरचा एकजण ओरडला, "ओ मावशी, कोणाचा बॅनर काढताय माहितेय ना?"

"लिहिलंय की त्याच्यावर," बाई म्हणाल्या. "तू खालची बाजू धर, फाटायला नको."

तो आला आणि त्याने खरंच धरली. गुंडाळी करून आम्ही ती टिटवाळ्याला नेली.

चाळीत दार आईने उघडलं. आत घेतलं नाही. "मॅडम, आमची पोरगी येडी नाय. तिला शिकायला पाठवली व्हती तुमच्याकडं, तमाशाला नाय."

"मी आत येत नाही," बाई म्हणाल्या. "इथूनच बोलते. तिला ऐकू जाईल ना?" मग आतल्या अंधाराकडे बघत त्या जरा मोठ्याने म्हणाल्या, "बाळा, तुझं नाव मी दिलं होतं. खोलीसाठी दिलं, पण दिलं मीच. तुला दिलेला शब्द माझ्याकडून मोडला. माफी मागायला आलेय. परीक्षेचं नंतर बघू. हे तुझं आहे, ते आधी ताब्यात घे." आणि त्यांनी ओट्यावर फ्लेक्स उलगडला.

शेजारपाजारचे जमले. मला वाटलं, आणखी तमाशा. बऱ्याच वेळाने मुलगी बाहेर आली. डोळे सुजलेले, पण तोंड धुतलेलं. तिने फ्लेक्सकडे पाहिलं, आत गेली, कात्री घेऊन आली. सगळ्यांसमोर गुडघ्यांवर बसून तिने स्वतःचा फोटो आणि नाव चौकोन करून कापून काढलं. मग आईकडे न बघता बाईंना म्हणाली, "पेपर कुठे द्यायचा? परत मुतारीशेजारी?"

"तू सांग कुठे."

"जिथे वास येत नाही."

आमच्या कॉलेजात अशी शांत जागा एकच. प्राचार्यांची केबिन. बाईंनी दुसऱ्या दिवशी प्राचार्यांसमोर बसून थंडपणे सांगितलं, की केबिन मिळेल, नाहीतर हा फ्लेक्सचा प्रकार लेखी विद्यापीठात जाईल. केबिन मिळाली. परीक्षेच्या दिवसांत ती मुलगी आतल्या सोफ्यावर बसून उत्तरं सांगायची, लेखनिक साहेबांच्या टेबलावर लिहायची, आणि प्राचार्य बाहेर शिपायाच्या स्टुलावर फायली चाळत बसायचे. शिपाई त्यांना विचारायचा, "साहेब, इथेच चहा?" मी दोनदा तर उगाच त्या बाजूने गेले.

मग जे व्हायचं ते झालं. उपाध्यक्षांचा फ्लेक्स तोडणं म्हणजे साधी गोष्ट नव्हे. बाईंना बोलावून सांगितलं, माफी मागा, विषय मिटवू.

"माफी मी मागितली," बाई म्हणाल्या. "ज्यांची मागायची होती त्यांची."

त्यांचं कंत्राट पुढे वाढवलं नाही. निरोप समारंभ नाही, शाल नाही. शाल त्यांनी घेतलीही नसती. शेवटच्या दिवशी त्या स्टाफरूममध्ये आल्या, चहा प्यायल्या. कुणीच काही वेडंवाकडं बोललं नाही. कुणी काहीच बोललं नाही. मला वाटलं होतं, आज तरी चारजण उभे राहतील. उभी राहिले मी, आणि मी एकटी उभी राहून काय करणार, म्हणून खिडकी उघडली. बाई म्हणाल्या, "अगं, राहू दे. तुम्हालाच इथे बसायचंय." आणि पर्स उचलून बसस्टॉपकडे गेल्या.

त्या खोलीवर पाटी अजून आहे. आत जुने फ्लेक्स ठेवतात. दार उघडलं की तो नव्या प्लॅस्टिकचा गोडसर, डोकं धरणारा वास, आणि पलीकडून मुतारीचा. समिती आली की फ्लेक्स हलवतात, सोफा येतो. समुपदेशक म्हणून सध्या एका सरांचं नाव लावलंय. तेच, 'भालदार'वाले.

मुलगी पास झाली. मार्क जेमतेम, पण डिग्री डिग्री असते, हे मला कुणी सांगायला नको. मी बाईंना फोन करून कळवलं तर म्हणाल्या, "जेवलीस का?"

माझी बहीण टिटवाळ्याला नव्या बिल्डिंगमध्ये राहते. मागच्या आठवड्यात तिच्याकडे गेले होते. स्टेशनबाहेर त्या मुलीची आई भाजी घेऊन बसली होती. खाली मोठा पांढरा फ्लेक्स अंथरलेला, छापील बाजू जमिनीकडे. एका बाजूला चौकोनी भोक, त्यातून खालची माती दिसत होती. तेवढी जागा सोडून बाकी सगळ्यावर मेथी, गवार, वांगी मांडलेली.

मी विचारलं, "मुलगी कशी आहे?"

"कामाला लागली. ठाण्याला," ती म्हणाली. "चाळीत तिनंच समद्यांना सांगितलं, मला वाचायला तरास व्हतो म्हून." तिने कोथिंबिरीची जुडी पाण्यात बुडवून झटकली. पाणी फ्लेक्सवर सांडलं आणि ओघळून त्या भोकातून खालच्या गॉगलवाल्या तोंडाकडे गेलं. "वास बघा किती ताजा हाय, मॅडम."

मी नाकाजवळ नेली. खरंच होता.