घर हाये, बाकीचं आल्यावर

“घर हाये. बाकीचं आल्यावर.”

वादळ होऊन गेलं की मावशीचा फोन यायचा आणि एवढंच बोलून बंद व्हायचा. मोताळ्याच्या बाजूला, डोंगराच्या कडेला, आमच्या यांनी सुट्टीत राहायला दोन खोल्यांचं पत्र्याचं घर बांधलंय. आम्ही राहतो बुलढाण्यात. मावशी त्या घराच्या शेजारी एकटीच राहायची. राखण कर म्हणून तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिनेच ती अंगावर घेतली आणि किल्लीही मागून घेतली.

‘बाकीचं’ म्हणजे काय, ते तिथे गेल्यावरच कळायचं. एकदा न्हाणीघराचं दार कुणाच्या तरी सोयाबीनमध्ये सापडलं. एकदा पाण्याची टाकी नाल्यात उताणी पडली होती. मी चिडायचे.

“मावशी, फोनवर सांगायला काय होतं तुला?”

“सांगून काय करशीन? तिथं बसून टाकी उचलशीन?”



तिची पाहणीची रीतच न्यारी. भिंती, पत्रे सगळं नंतर. आधी आमच्या स्वयंपाकघरातली चूल पेटवायची, कोरा चहा करायची आणि ओट्यावर बसून निवांत प्यायची. वादळ गेल्यावर घरातून धूर निघालाच पाहिजे, हा तिचा नेम. “रिकामं घर वारा हेरून ठेवते,” म्हणायची. यांना वाटायचं, हा सगळा आमच्या साखरेचा मोह. तसं एकदा तोंडावर बोललेही. तेव्हापासून ती पदराला गूळ बांधून यायची आणि यांना दाखवून चहात टाकायची.

मागच्या उन्हाळ्यात तिचा गुडघा धरला. लेक तिला आपल्या गावी, बीबीला, घेऊन गेली. मावशी जायला तयार नव्हती, तेव्हा लेकीने अट घातली: गुडघा बरा झाला की खुशाल परत जा, पण तोवर तुझं घर पडलं तर कायमचं माझ्याकडे राहायचं. गाडीत बसताना मावशीने स्वतःच्या घराची किल्ली माझ्या हातात दाबली. “पाहजो,” एवढंच म्हणाली.

पुढे एका संध्याकाळी वादळ आलं. बुलढाण्यातच झाडं आडवी झाली. माझा जीव थाऱ्यावर नव्हता. उजाडताच आम्ही निघालो. आमच्या घराकडे मी पाहिलंही नाही, सरळ तिच्याकडे गेले. एका बाजूचे पत्रे उचकटले होते, आत चिखल झाला होता, पण भिंती उभ्या होत्या. हे लगेच वर चढून पत्रे नीट करायला लागले. मी ओली लाकडं फुंकून फुंकून चूल पेटवली आणि कोरा चहा ठेवला. तिच्या चुलीपुढे बसल्यावर मला तिची फार आठवण आली. फोन लावला.

“मावशी, घर हाये.”



“धूर केला?”

“केला.”

“अन् बाकीचं?”

“आल्यावर.”

तिने फोन बंद केला नाही. पलीकडून तिचा आवाज ऐकू आला, लेकीला सांगत होती, “ऐकलं का वं? घर हाये माह्यं.”